बहीण आपत्कालीन कंट्रोल रूममध्ये कॉल घेते, नाइटनंतर झोपतच नाही. योग-ध्यानाने फरक पडेल का?

योगाने पाठ मोकळी होईल. झोप वेगळ्याच कारणाने उडते.

मी सहा वर्षं कॉल घेतले. एका नाइटला पहाटे तीनच्या सुमारास वस्तीवरून एका पोराचा फोन आला. फार तर बारा वर्षांचा असेल. वडील गोठ्यात कोसळलेले, श्वास नाही, घरात फक्त म्हातारी आजी. पत्ता म्हणून ‘शाळेच्या मागं, टाकीपाशी’ एवढंच. अँब्युलन्सची गाडी काढायला लावली आणि त्याला म्हटलं, फोन स्पीकरवर ठेव, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दोन इंच खोल दाब. मिनिटाला १०० ते १२० दाब पडायला हवेत, म्हणून मी मोजत होते आणि तो रडत रडत माझ्यामागं आकडे म्हणत होता. १९ मिनिटं. मग गाडीचा सायरन ऐकू आला, कुणीतरी फोन उचलून कट केला. लगेच हेडसेटवर पुढचा कॉल. दोन पोरं हसली आणि फोन ठेवला.

शिफ्ट सुटताना टीम लीडरला विचारलं, पेशंटचं काय झालं? म्हणाले, ‘केस क्लोज झाली. तुमचं काम गाडी पोचेपर्यंत.’ पुढे तीनदा विचारलं. शेवटी, ‘एसीत बसून फोन घेता, तुम्हाला कसला ताण?’

दीड महिन्याने त्या गाडीचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, भेटला. माणूस वाचला नव्हता. पण गाडी पोचली तेव्हाही पोरगा आकडे म्हणत दाबतच होता, डॉक्टरांनी हात धरून त्याला बाजूला घेतलं. मी खूप रडले. त्या रात्री मात्र झोपले.

गाडीवरच्यांना शेवट दिसतो, आमच्या कानात मध्येच तुटलेला आवाज राहतो. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेने कामापायी असे तपशील वारंवार ऐकावे लागणाऱ्यांनाही पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, निकषात धरलंय. एसीचा काही संबंध नाही. प्रत्येक कंट्रोल रूमने कॉल घेणाऱ्याला पेशंटचं पुढे काय झालं ते कळवलंच पाहिजे. नाव-गाव नको, ‘वाचला’ की ‘गेला’ एवढं पुरे. आणि जड कॉलनंतर दहा मिनिटं हेडसेट उतरवू द्यावा, कारण न विचारता.

शेवट सगळ्यांनाच ऐकायचा नसतो, हेही खरं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण विषय निघाला की उठून जायची. म्हणून बहिणीला आधी विचारा. झोप बरेच दिवस उडालेली असेल तर डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. ध्यान तिला आवडत असेल तर करू द्या.