खुर्ची घ्यावी, पण मुदत ठेव मोडून नव्हे

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : 'पुनर्विकासानंतर आम्हाला ६१० चौरस फुटांचा नवा फ्लॅट मिळाला. वाढीव जागेसाठी घेतलेल्या गृहकर्जापैकी ५२ लाख रुपये बाकी आहेत, व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत १६ वर्षे. दोघांचे मिळून हातात १ लाख ४५ हजार येतात, हप्ता धरून खर्च ९५ हजार होतो आणि ९ लाखांची मुदत ठेव आहे. दिवाणखान्यासाठी ईम्स यांची मूळ आरामखुर्ची आणि पाय ठेवायचे स्टूल ६ लाख ८० हजारांना मिळते आहे. विक्रेता म्हणतो की अशा वस्तूंची किंमत वाढतच जाते, ही गुंतवणूकच आहे. सासऱ्यांची जुनी सागवानी आरामखुर्ची जोगेश्वरीचा एक व्यापारी ३ हजारांना मागतो आहे. काय करावे?'

विक्रेत्याच्या 'गुंतवणूक' या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा निर्णय त्या एका शब्दावर झुकलेला दिसतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने ही खुर्ची १९५६ मध्ये बाजारात आणली आणि ती आजही तयार होते. जी वस्तू कारखान्यातून नवी मिळते, तिच्या वापरलेल्या प्रतीला नव्यापेक्षा अधिक भाव कोण देईल? विक्रेते अशा वेळी चंदीगडच्या खुर्च्यांचा दाखला देतात. वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेल्या सागवान आणि वेताच्या त्या खुर्च्या पुढे भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या आणि परदेशात लाखोंना विकल्या गेल्या, हे खरे आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध आणावे लागले. मात्र त्यात पैसा केला तो भंगाराच्या भावाने उचलणाऱ्यांनी. तुम्ही दुकानातील पूर्ण किमतीला घेणार आहात. प्राप्तिकराच्या दृष्टीने घरातील वापराचे फर्निचर भांडवली मालमत्तेत मोडत नाही. त्यामुळे विकून नफा झालाच तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नसतो, पण तोटा झाल्यास तो इतर नफ्यातून वजाही करता येत नाही. तुमच्या बाबतीत हे दुसरे वाक्य अधिक कामाचे आहे.

तेव्हा हा खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच तो तोलावा. सहा महिन्यांच्या खर्चासाठी तुमच्याकडे ५ लाख ७० हजार नेहमी हाताशी असायला हवेत. ठेवीतून ६ लाख ८० हजार काढले, तर उरलेल्या २ लाख २० हजारांत घर सव्वादोन महिने चालेल. हीच रक्कम आज कर्जात भरली आणि सुमारे ४९ हजार ६०० रुपयांचा हप्ता तसाच ठेवला, तर कर्ज जवळजवळ पावणेचार वर्षे आधी फिटते; म्हणजे खुर्चीची खरी किंमत सुमारे ४५ हप्ते इतकी आहे. 'बिनव्याजी' २४ हप्त्यांचा मार्गही सुचवला जाईल. त्यात महिन्याला २८ हजारांहून अधिक जातील आणि दोन्ही हप्ते मिळून निम्म्याहून अधिक मिळकत संपेल. शिवाय व्याजाइतकी सूट दुकानाने किमतीत धरलेली असते, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. म्हणून रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल, हे आधी विचारावे.

मुंबईकराने आणखी एक हिशेब करावा. खुर्ची आणि स्टूल मिळून साधारण १५ चौरस फूट जागा अडवतात. तुमच्याकडे चौरस फुटाचा दर २८ हजार धरला, तर खुर्चीखालची फरशीच ४ लाख २० हजारांची होते. ते पैसे तुम्ही घर घेताना मोजलेच आहेत, हे मला कळते, तरीही जागेवर काय मांडायचे हे ठरवताना तो आकडा डोळ्यांसमोर असू द्या. चामड्याचेही आहे. माझ्या स्वतःच्या घरातील चामड्याचा सोफा दुसऱ्याच पावसाळ्यात पांढऱ्या बुरशीने भरला होता आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी तो पुसण्यात सकाळ जात असे.

ईम्सच्या या साध्या, आधुनिक शैलीबद्दल मला आदर नाही असे समजू नये. उलट तिचा इतिहासच माझ्या बाजूने बोलतो. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची १८५९ ची खुर्ची वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या सहा तुकड्यांची, दहा स्क्रूंची आणि दोन नटांची होती. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. तिच्याच कुळातल्या खुर्चीवर बसून आपण इराण्याकडे बनमस्का खाल्ला आहे. ईम्स दांपत्याची एकसंध बैठक आधी स्वस्त फर्निचरच्या १९४८ च्या स्पर्धेसाठी आखली गेली आणि १९५० मध्ये फायबरग्लासमध्ये बाजारात आली. दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत आपण ज्या प्लास्टिकच्या साच्यातील खुर्चीवर बसतो, तिचे मूळ तिथपर्यंत पोहोचते. तुमची आरामखुर्ची पहिल्यापासून महागच होती, हे मान्य. पण मोकळे पाय, उघडे लाकूड, जमीन दिसू देणारी मांडणी हे सारे साध्या सुताराच्या कामातही उतरते. सहा लाखांतला मोठा वाटा नावाचा आहे.

आता सासऱ्यांच्या खुर्चीकडे वळू. लांब हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची असेल, तर ३ हजारांना देणे हा या पत्रातील सर्वांत वाईट व्यवहार आहे. व्यापारी तिला पॉलिश करून, वेत बदलून विकणार, हे उघड आहे. तेच काम तुम्ही करून घ्या. सांधे ढिले असतील तर विणकामाआधी सुताराकडून ते आवळून घ्यावेत, कारण वेत ताणला की ढिली चौकट वाकडी होते.

सहा महिन्यांच्या खर्चाचा आकस्मिक निधी सोडून तुमच्याकडे ३ लाख ३० हजार उरतात. त्यातील १ लाख २० हजारांत ही खुर्ची, जेवणाचे टेबल आणि चार साध्या खुर्च्या बसवा. उरलेले २ लाख १० हजार कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचे शुल्क लागत नाही, मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असे बँकेला लेखी कळवावे. ईम्सची ओढ तरीही राहिली, तर महिन्याला १० हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. पाच वर्षांत ६ लाख आणि त्यावरचे व्याज जमेल. तेव्हा घेतल्यास माझी हरकत नसेल. त्या वेळी जुनी प्रत पाहिलीत, तर पाठीचे लाकडी कवच जोडणाऱ्या रबराच्या चकत्या तपासा, कारण निखळतात त्या त्याच. जोगेश्वरीच्या व्यापाऱ्याला मात्र आजच नाही म्हणून कळवा.