पंप धरला की सुटत नाही?

"पंपाची सवय लागते का हो?" ठाण्यातल्या ज्या छातीविकारांच्या दवाखान्यात मी समुपदेशन करते, तिथे दम्याच्या पंपाबद्दल, म्हणजे इन्हेलरबद्दल, हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा पेशंट नसतो. सोबत आलेली आई, नवरा नाहीतर सासू असते.

घणसोलीच्या एक सासूबाई त्यांच्यातल्याच. सून, तिला इथे सुनीता म्हणू, घरून पोळी-भाजीच्या ऑर्डरी घेते. फोडणीच्या धुराने ठसका, पावसाळ्यात भिंतींना ओल आली की रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज, पहाटे उठून बसणं. डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता, तो कपाटात तसाच. त्याऐवजी केमिस्टकडून गोळ्या चालू होत्या. पंपाचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मालकांनी पंप धरला आणि वर्षाच्या आत गेले. सुनेला मी तो धरू द्यायची नाही."

मालक पाटण तालुक्यातून आलेले, तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये माथाडी. आयुष्यभर मिरचीच्या खकाण्यात पोती वाहिली. आधी पंप एकदा ओढला की दिवस जायचा, मग दोनदा, शेवटी तासातासाला. "ही सवयच की नाही?" असं त्यांनी मला विचारलं. डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगणाऱ्या बाईला "हा गैरसमज आहे" म्हणून वाटेला लावणं मला कधीच पटलेलं नाही. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. त्याचा अर्थ तेवढा वेगळा होता.

मी कागदावर श्वासनलिका काढली. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. साल्ब्युटामॉलचा निळा पंप यातलं एकच काम करतो : आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो, चार ते सहा तास आराम पडतो. सूज मात्र तशीच राहते. बरं वाटल्यामुळे माणूस सुजेचं औषध घेत नाही, सूज वाढत जाते आणि निळा पंप पुन्हा पुन्हा लागतो. शिवाय हेच औषध रोज वारंवार घेत राहिलं तर स्नायू त्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत आणि नळ्या जास्तच चिडखोर होतात. दारू-तंबाखूसारखी तलफ यात नसते. निळ्या पंपाची गरज वाढणं म्हणजे आतला आजार हाताबाहेर जात असल्याची खूण. मालकांना नेमका दमाच होता की धुळीने फुप्फुसं कायमची बिघडली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यांच्या हातात पंप आला तेव्हा आजार बराच पुढे गेलेला होता.

म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 मध्ये आपला सल्ला बदलला. बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच, असं त्या सांगतात. सुनीताला लिहून दिलेल्या पंपात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन्ही औषधं होती. पहिलं सूज उतरवतं. दुसरं नळ्या लवकर उघडतं आणि त्याचा असर बारा तासांपर्यंत टिकतो.

स्टिरॉइड म्हटल्यावर सुनीता दचकली. तेव्हा मी तिला तिच्याच पर्समधली गोळ्यांची पट्टी काढायला लावली. साल्ब्युटामॉलच होतं ते, 4 मिलिग्रॅमचं. पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन दाबांत जेवढं जातं त्याच्या वीसपट औषध एका गोळीतून पोटात जाऊन रक्तातून सगळ्या अंगभर फिरत होतं. "म्हणून पोळ्या लाटताना हात थरथरतात का?" तिने विचारलं. हो, थरथर आणि धडधड त्यानेही होते. पंपातलं स्टिरॉइडही असंच मायक्रोग्रॅममध्ये, थेट छातीत जातं. घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंड येत नाही, आवाज बसत नाही.

मग पंप घेऊन दाखवायला सांगितलं. दाबून झाल्यावर तिने श्वास ओढला. औषध घशातच राहिलं. असं फार जणांचं होतं आणि दोष औषधावर येतो. तिला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला : आधी श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरच्या तोंडाची कड ओठांत घट्ट धरायची, एकदा दाबून सावकाश खोल श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजत धरायचा. दुसरा दाब वेगळा, पहिल्यासारखाच. सासूबाई खुर्ची पुढे ओढून बघत होत्या.

पुढच्या भेटीला पहाटेचं उठणं थांबलं होतं, गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. सासूबाईंचा नवा प्रश्न तयारच होता : "मग हे आता जन्मभर का?" तसं काही ठरलेलं नसतं. साधारण तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करून बघतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायचं मात्र नाही, कारण सूज गुपचूप परतते. फोडणी देताना खिडकी उघडी, पंखा चालू आणि ओल आलेल्या भिंतीपासून पलंग लांब, हेही बोलणं झालं.

त्यांनी माझ्याकडून एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, कारण दुपारी सुनेजवळ घरात त्याच असतात. त्यावर लिहिलं : एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल किंवा टिकत नसेल, तर आडवं झोपवायचं नाही, बसवायचं. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे पंप स्पेसरमधून देत राहायचा आणि कुणाचीही वाट न बघता 108 ला फोन करायचा किंवा रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठायचं.