‘नुसता सिद्धांत’ कानाला का खटकतं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या १९२५च्या डेटन खटल्यावर (शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर भरलेला) एकांकिका लिहितोय, त्यातल्या धार्मिक बाजूच्या वकिलाला "इव्होल्यूशन इज जस्ट अ थिअरी" असं म्हणायचंय, मग "उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे" चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. आपल्याकडे आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, तो खोडायचा आणि शेवटी जे टिकून राहतं तो सिद्धांत, शब्दातच ‘सिद्ध’ बसलंय. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचं नावच सिद्धांतशिरोमणी. त्यामुळे "नुसता सिद्धांत" म्हणजे "नुसतं सिद्ध झालंय" असं काहीतरी होतं आणि प्रेक्षक हसेल, तेही चुकीच्या जागी. इंग्रजीतल्या थिअरीला दोन अर्थ आहेत, शास्त्रज्ञांचा भक्कम आणि रोजच्या बोलण्यातला "आपला एक अंदाज", अन् उत्क्रांतीचे विरोधक बरोब्बर त्या फटीत पाय घालतात. जॉर्जियातल्या कॉब काउंटीत २००२ साली जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चक्क स्टिकर लावले होते, उत्क्रांती ही थिअरी आहे, फॅक्ट नाही म्हणून, २००५मध्ये कोर्टाने ते काढायला लावले.

तुमच्या वकिलाची गंमत अशी की मूळ माणूस, विल्यम जेनिंग्ज ब्रायन, थिअरीवर अडून बसलाच नव्हता. त्याच्या शेवटच्या भाषणात, जे कोर्टात करायला मिळालंच नाही (शिक्षकाचा वकील डॅरो, त्याने स्वतःच आपल्या अशिलाला दोषी ठरवा म्हणून समारोपाची भाषणं टाळली, आणि पाचच दिवसांनी ब्रायन वारला), उत्क्रांती म्हणजे लाखो अंदाज एकत्र ओवलेत अशा अर्थाचं वाक्य आहे. मग सरळ "अंदाज हो, सगळे अंदाज!" असं लिहा ना, मराठी नट ते झोकात म्हणेल. आणि जिथे दोन्ही बाजूंनी एकाच शब्दावर भांडायचंय तिथे ‘थिअरी’च ठेवा, एकाच्या तोंडी तर्क आणि दुसऱ्याच्या तोंडी सिद्धांत घातलात तर भांडणच उरत नाही.

आपल्याकडच्या राजकारणात हा "नुसती" वाला डाव मला फारसा दिसत नाही. २०१८ला औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, एकेकाळचे मुंबईचे पोलीस आयुक्त, डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे असंच बोलले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय का वगैरे. थिअरीबिअरीच्या भानगडीत पडलेच नाहीत.

राहिलं क्रिएशनिझम, म्हणजे सृष्टी देवानेच घडवली हे मत, त्याला मराठीत काय म्हणायचं. लेखात सृष्टिनिर्मितीवाद ठीक आहे, पण स्टेजवर नटाची जीभ अडखळणार. मराठी बायबलात पहिल्या पुस्तकाचं नाव ‘उत्पत्ती’ आहे, तेव्हा "उत्पत्ती की उत्क्रांती" वापरा.