जुन्या शहरात जायचंय? मग पिशवीत एखादं काम घेऊन जा

तुम्ही विचारलंय की संभाजीनगरला एक दिवस मोकळा आहे, अजिंठा-वेरूळ आधीच पाहून झालंय, यावेळी जुन्या शहरातली दुकानं आणि तिथलं खाणं बघायचंय. सोबत आई आहेत, त्या शाकाहारी. सुरुवात कुठून करू?

पैठण गेटपासून करा, पायी. पण नुसतं बघायला जाऊ नका, एखादं काम घेऊन जा. पिशवीची तुटलेली चेन, शिट्टी न देणारा कुकर, बहिणीच्या लग्नातलं रुखवत, काहीही चालेल. हात हलवत फिरणाऱ्याला या भागात गर्दी, हॉर्न आणि लटकणाऱ्या वायरींपलीकडं काही दिसत नाही. काम असेल तर दुकानदारच तुम्हाला पुढं पुढं नेतात.

माझं माहेर औरंगपुऱ्यातलं. लग्नानंतर सिडकोत आले त्याला वीस वर्षं झाली. सिडकोत सगळं मिळतं, तरी महिन्यातून एकदा आम्ही बायका "शहरात जाऊन येते" म्हणून निघतोच. म्हणजे सिडको काय शेतात आहे का, असं आमचा मुलगा विचारतो. पण शहर म्हणजे गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, हे डोक्यातून जात नाही.

मागच्या हिवाळ्यातलंच सांगते. आजेसासूबाईंचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं, त्याला कल्हई करून हवी होती. गुलमंडीवरच्या एका भांड्यांच्या दुकानात विचारलं. मारवाडी काका पातेलं उलटंपालटं करून म्हणाले, "कल्हई आता कोण करतंय ताई, स्टीलचं घ्या की." मग माझं तोंड बघून म्हणाले, "मछली खडकावरनं पुढं जा, सराफ्यात विचारा." सराफ्यात सोन्याला डाग देणारा एक कारागीर म्हणाला, "माझा बाप त्यांच्याकडंच पाठवायचा, पण बसायची जागा बदलली म्हणतात." त्यानं एका बांगडीवाल्या खालांकडं पाठवलं. खालांनी गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवता चढवताच हनुवटीनं बोळ दाखवला, "वो मस्जिद के बाजू से अंदर जाव, लोहे का दरवाजा दिखता, वहींच."

पाऊण तासात चार दुकानं, तीन भाषा. पर्यटकांच्या नकाशावर यातलं एकही ठिकाण नसेल.

आत एक म्हातारे मामू, जमिनीत खळगा करून कोळसे पेटवलेले, हातानं फिरवायचा भाता. पातेलं आधी राखेनं आणि वाळूनं घासलं, मग विस्तवावर धरलं. तापल्यावर चिमूटभर नवसागर टाकला. त्याचा पांढरा धूर उठला, नाकात झोंबणारा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग कथिलाची कांडी आतून टेकवली, ती लोण्यासारखी विरघळली, आणि कापसाच्या बोळ्यानं दोनच फेऱ्यांत त्यांनी ती सगळीकडं पसरवली. पिवळं पातेलं आतून चांदीसारखं. लगेच पाण्यात बुडवलं, चर्र झालं, संपलं. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, आता यात चिंचेचं सार करते. तर हसले, "करो, लेकिन रात भर नक्को रखो. कलई घिसी तो कळकता."

हे "नक्को" आणि "कळकता" नीट ऐका. दख्खनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणारे मामू मराठीचे शब्द सहज बोलून जातात आणि आम्ही औरंगपुऱ्यातले लोक "हौ" म्हणून मान डोलावतो. कोणी कोणाकडून काय उचललं याचा हिशेब आता लागायचा नाही. वस्तीच तशी जमलेली आहे. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकीला शहर वसवलं, 1653 नंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथं राहिला आणि त्याच्या फौजेसोबत राजपूत सरदार आले. बिकानेरचा करणसिंह आला म्हणून करणपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह म्हणून पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांच्या नावानं जयसिंगपुरा. पुढं 1948 पर्यंत निजामाचं राज्य. धावणी मोहल्ल्यात भाई दयासिंगांचा गुरुद्वारा आहे, गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला लिहिलेलं पत्र, म्हणजे जफरनामा, घेऊन ते इथं आले होते. राजाबाजारात संस्थान गणपती, तिथून जवळच जैन मंदिर, आणि शहागंजच्या मशिदीची अजान दोन्हीकडं ऐकू येते.

आता खाणं. इथं वेळ चुकली की सगळं चुकलं.

सकाळी आईंना गुलमंडीवर न्या. सुपारी हनुमानाचं दर्शन घ्या आणि मग इमरती. उत्तम मिठाईवाल्यांची इमरती आमच्याकडं पाहुण्याला दिल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. लोक तिला जाड जिलबी म्हणतात तेव्हा मला राग येतो. जिलबी मैद्याची, तीही आंबवलेल्या पिठाची. इमरती भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीची. भोक पाडलेल्या फडक्यातून कढईत आधी गोल, मग त्या गोलावर फुलासारखे वेढे. पाक पाकळ्यांच्या आत शिरतो आणि वरचा कुरकुरीतपणा तसाच राहतो. गरम असतानाच खायची, घरी नेलेली दुसऱ्या दिवशीची इमरती ही वेगळीच वस्तू असते. सोबत तिखट हवं म्हणून कचोरी किंवा मिरची भजे घ्या. आमच्याकडच्या मिरच्या आमच्याचसारख्या आहेत, आईंना आधी सांगून ठेवा.

तुम्ही स्वतः मांसाहारी असाल तर दोन रस्ते. पहाटे उठू शकत असाल तर निहारी-पाया, म्हणजे रात्रभर शिजवलेलं मांस आणि पायांचा रस्सा. उन्हं वर यायच्या आत डेग रिकामी होते, मी दोनदा उशिरा पोचून नुसतं नान खाऊन परत आले आहे. नाहीतर नान-खलिया, जे या शहराचं खरं खाणं. महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या लवाजम्याबरोबर हे आलं, असं इथला प्रत्येक खानसामा सांगतो. मोठमोठ्या डेगांत एकदम शिजणारं, भाकरीसारखं थापत बसायला नको असं फौजेचं जेवण, हे मात्र पटण्यासारखं आहे. नान तंदूरमधलं, जाड, वरून हळद-गुळाचं पाणी फिरवल्यामुळं पिवळट सोनेरी आणि किंचित गोड. खलिया म्हणजे पातळ रस्सा आणि मटण, वर लाल तर्री. पंजाबी ग्रेव्हीची सवय असेल तर पहिल्या घासाला वाटेल पाणचट आहे. थांबा. नान तोडून रश्शात बुडवून मिनिटभर ठेवा, मग खा. गोड नान आणि तिखट तर्री तोंडात एकत्र यायला पाहिजे.

सिटी चौकाकडून बुड्ढी लेनच्या बाजूला गेलात की हे मिळेल, कबाबही. एक गोष्ट बिनधास्त विचारा: "छोटे का या बडे का?" छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीचं. कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट तुम्ही विचारलं नाही तरी चांगला हॉटेलवाला स्वतःहून सांगतो. आणि नुसतं नान आईंना चालेल असं समजू नका, पिठात अंडं घालणारेही आहेत, तेही विचारून घ्या.

तेवढा वेळ आईंचं काय? माझ्या सासूबाईंना मी मछली खडकावर कापडाच्या दुकानात बसवते. खलिया खाऊन, बडीशेप चघळून परत आले तरी त्यांचा तिसराच गठ्ठा उलगडणं चालू असतं.

हिमरू कापडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी तुम्हाला गाठून सांगेलच, म्हणून आधीच सांगते. सुती ताणा आणि त्यावर रेशमी बाणा, किनखाबाची, म्हणजे जरीच्या भारी रेशमी कापडाची, स्वस्त बहीण म्हणून हे विणकाम इथं वाढलं. नवाबपुरा, जाफर गेट हा त्याचा जुना भाग. काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या मावशीसाठी लेण्यांच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून "हातमागाची" शाल घेतली. दुकानात एक माग मांडला होता, एक माणूस खटाखट विणतही होता. शाल मावशीनं तिकडं एका जाणकार बाईंना दाखवली, ती यंत्रावरची निघाली. वाईट पैशाचं नाही वाटलं, मावशीनं ते मला वर्षभर सांगितलंच नाही याचं वाटलं. तेव्हापासून मी एकच करते. मागावर जे विणणं चालू आहे त्याच नक्षीचा तुकडा दाखवा म्हणते. मागावर वेल आणि कपाटात भलतंच काही असेल तर चहा पिऊन उठते. किंमत ऐकून तुम्हाला महाग वाटलं नाही, तर तेही शंका घेण्यासारखंच आहे.

शहागंजात फार वेळ नाही लागणार, पण हंगाम बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आलात तर बीडकडची सीताफळं आणि जालन्याची मोसंबी हातगाड्यांवर असतात. सीताफळ दाबून बघू नका, ओरडा खाल. "आजच खायचं की उद्या" एवढंच सांगा, गाडीवाला बरोबर काढून देतो. रमजानमध्ये आलात तर सगळा बेत उलटा करा, दुपारी झोपा आणि रात्री नऊनंतर निघा. शेवया, चारोळ्या, खजूर, अत्तर, टोप्या, चपला, सगळं रस्त्यावर. माझी आई दिवाळीचा सुकामेवा घ्यायची तो दुकानदार याच रस्त्यावर ईदचा शीरखुर्मा बांधून द्यायचा. एकाच तराजूत दोन्ही.

वेळ उरलाच तर जुन्या मोंढ्यात मसाल्यासाठी चक्कर मारा. येसर कुठं मिळेल विचारा. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून केलेलं हे पीठ, त्याची आमटी मराठवाड्याच्या लग्नाच्या पंगतीत असते. आईंना हे नक्की आवडेल, कारण हे शाकाहारी आहे आणि करायला दहा मिनिटं पुरतात. दळलेलं नको असेल तर दगडफुलासकट खडा मसाला मोजून घ्या आणि घरी दळा.

गाडी आणू नका. पैठण गेटला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात रिक्षानं गुलमंडी गाठून अर्धी इमरती खाऊन होईल. रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार असतो, त्या बाजूनं रिक्षावाला जायला तयार होणार नाही, भांडू नका. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच आतल्या बोळांतली बरीच दुकानं बंद असतात, तो वेळ जेवणाला ठेवा.

आणि आईंच्या घरात एखादं पितळी पातेलं असेल तर खरंच घेऊन या. मामू शुक्रवारी चारच्या पुढंच भाता हातात घेतात, लोखंडी दरवाजा बंद दिसला तर समोरच्या शिंप्याला विचारा, ते तिथंच चहा पीत बसलेले असतात.