आधी कान, मग पाटी

अगं, बालवाडीत अक्षरं शिकवताना पहिल्याच आठवड्यात पाटी काढू नकोस. आधी कान तयार होऊ देत. आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना ‘क’चं कमळ तक्त्यावरच दिसतं. काजू, कोकम, कालवं मात्र घरातली. तीच घे. माड, मासा, मीठ म्हणताना ओठ कसे मिटतात ते एकमेकांच्या तोंडाकडे बघू देत. माझ्या बालवाडीतली एक मुलगी महिनाभर गप्प होती. टोपलीतला बांगडा उचलून तिनेच ‘ब्, ब्’ केलं!

‘च’ला घाई नको. चिमणीचा च वेगळा, चुलीचा वेगळा. दोन वेगवेगळ्या दिवशी घे. आणि ण, ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत, ते बाण-फळातून शब्दाच्या शेवटी ऐकव. पोरं घरची मालवणी बोलली तर मुळीच टोकू नकोस.