ब्राउझरचे टॅब घरी न्यायचेत? आधी एवढंच करा

सातपूरच्या ऑफिसातले टॅब सिडकोतल्या घरच्या लॅपटॉपवर हवेत ना? मग सेशन फाइल (उघड्या टॅबची नोंद असलेली फाइल) शोधून कॉपी करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. क्रोम असो वा फायरफॉक्स, कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा. त्या विंडोतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. दुसरी विंडो उघडी असेल तर तिथेही दाबा, हेच बहुतेकजण विसरतात. मग बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, पेनड्राइव्हवर घ्या, घरी इम्पोर्ट करा. झालं!

दोन चुका टाळा:
- सिंकला (दोन्हीकडचे बुकमार्क आपोआप सारखे ठेवणाऱ्या सोयीला) बॅकअप समजू नका. एकीकडे पुसलेला बुकमार्क दुसरीकडूनही जातो.
- सेशन सांभाळणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली छोटी सोय) त्यातले टॅब एक्स्पोर्ट केल्याशिवाय काढू नका.

लॉगिन मात्र सोबत येत नाहीत, पासवर्ड हाताशी ठेवा. आणि ते शंभर टॅब खरंच वाचणार आहात का हो?