माध्यमांच्या अभ्यासात आधी तीनच संज्ञा

संज्ञांची लांबलचक यादी पाठ करत बसू नकोस. सध्या गेटकीपिंग, अजेंडा सेटिंग आणि फ्रेमिंग पुरे, म्हणजे अनुक्रमे: कोणती बातमी आत आली, कोणता मुद्दा लावून धरला, कोणत्या बाजूने मांडला.

नवी मुलं हमखास अडखळतात ती अजेंडा सेटिंगवर. त्याला छुपा प्रचार समजू नकोस. मॅक्कोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी माध्यम-संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या मतदारांचा अभ्यास केला. माध्यमं ज्या मुद्द्यांना जास्त जागा देत होती, तेच मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. मत कोणाला द्यायचं, हा वेगळा प्रश्न.

दुसरी चूक म्हणजे उदाहरणाविना व्याख्या लिहिणं. परीक्षकाला ते लगेच कळतं! कांद्याचे भाव चढले की दोन मथळे लिहून बघ: ‘कांद्याने गृहिणींना रडवलं’ आणि ‘अखेर शेतकऱ्याला भाव’. हेच फ्रेमिंग.

चिन्हशास्त्र (चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो याचा अभ्यास) वगैरे राहू दे सध्या.